खाकी पाकिटांवरचे चेहरे

मला क्षय झाला आहे हे कळलं तेव्हा गिरण्यांचा संप सुरू होऊन बरेच महिने उलटले होते. आमचे हे कुर्ल्याच्या एका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला होते. घाटकोपरला डोंगराच्या चढावर एका चाळीत आमची खोली होती. हे, सासूबाई, मी आणि तीन वर्षांची मुलगी एवढी माणसं. खोकला मला आधीपासूनच होता, पण खायचे वांधे असलेल्या घरात बाईच्या खोकल्याकडे कोण बघणार? मीही बघितलं नाही. एक दिवस नळावर हंडा उचलताना घशाशी काहीतरी गरम आलं, थुंकले तर रक्त. शेजारणीने हंडा माझ्या हातातून घेतला, घरापर्यंत आणला आणि दाराबाहेरच ठेवून निघून गेली.

एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले, हल्ली यावर चांगली औषधं आहेत, बरी होशील, पण मध्येच सोडायची नाहीत. आणि लहान मुलाला काही दिवस लांब ठेवायचं.

सासूबाई वाईट नव्हत्या. त्यांनी रडारड केली नाही, मला बोलही लावला नाही. दुसऱ्याच दिवशी सामान बांधायला घेतलं. संपामुळे अर्धी चाळ तशीही गावी गेली होती. मुलीला घेऊन त्या मालवणच्या बाजूला आमच्या गावी निघाल्या. निघताना मुलगी त्यांच्या कडेवरून माझ्याकडे झेपावली. मी हात पुढे केले तशा सासूबाई एक पाऊल मागे सरल्या आणि हळूच म्हणाल्या, "चेडवाक आता जवळ घेव नको, बाय."

मी हात मागे घेतले. हे त्यांना एसटीत बसवायला गेले. मी दारातच उभी राहिले. जिना उतरेपर्यंत मुलीचं रडणं ऐकू येत होतं, मग खालच्या रस्त्याचा आवाज त्यात मिसळला आणि काही कळेनासं झालं.

पुढच्याच आठवड्यात मला आरोग्यधामात दाखल केलं. मुलुंडच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी, एका ट्रस्टचं ते छोटंसं ठिकाण होतं. बायकांचा वॉर्ड म्हणजे एक लांब कौलारू बराक, दोन्ही भिंतींना खाटा आणि मागे व्हरांडा. व्हरांड्यातून डोंगर दिसायचा आणि त्याच्या पायथ्याने गेलेली पाण्याची मोठी काळी पाइपलाइन. सकाळी इंजेक्शन, मग गोळ्या, मग अंडं आणि दूध, मग झोपून राहायचं. गोळ्यांमधल्या एका लाल कॅप्सूलने लघवी केशरी व्हायची. पहिल्या दिवशी ते बघून मी घाबरून बाहेर धावले, तेव्हा शेजारच्या खाटेवरची बाई न हसता म्हणाली, "रक्त नाही ते. औषधाचा रंग आहे. सगळ्यांचीच होते."

तिथे माझ्याशी पहिल्यांदा बोलली ती हीच. त्यानंतर कित्येक आठवडे ती दुसरं काही बोलली नाही.

सुरुवातीला हे दर रविवारी यायचे. केळी आणायचे. तोंडावर रुमाल धरून खाटेच्या पायथ्याशी उभे राहायचे, संपाचं काही होत नाही म्हणून सांगायचे, गावाकडून मुलगी बरी असल्याचा निरोप सांगायचे आणि मग सांगायला काही उरायचं नाही. पुढे त्यांना अंधेरीला एका कंपनीत वॉचमनची नोकरी मिळाली. तिथे रविवारीही ड्युटी लागायची. येणं कमी होत गेलं. मला राग आला नाही. ते आले की मलाच त्यांना लवकर मोकळं करावंसं वाटायचं.

वॉर्डात माणसं होती, एकही खाट रिकामी नव्हती, तरी तिथल्यासारखा एकटेपणा मी आधी कधी बघितला नव्हता. जी ती आपापला आजार राखत पडलेली. बोलायचंच झालं तर तोंडावर पदर धरून, तोंड दुसरीकडे करून. व्हरांड्यात लांब बाक होता, पण त्यावर एका वेळी एकच बाई बसायची. दुसरी आली की पहिली उठायची. कुणी कुणाला हात लावत नसे. सिस्टर इंजेक्शनपुरता दंड धरायची तेवढाच काय तो स्पर्श, आणि मला आठवतं, त्या इंजेक्शनची मी वाट बघायचे. वॉर्डात आरसाही नव्हता. का नव्हता ते कुणी सांगितलं नाही, आणि विचारावं असंही कुणाला वाटलं नाही. केस आम्ही अंदाजानेच विंचरायचो.

शाळेत माझी चित्रकला बरी होती. गावचे मास्तर फळ्यावर नकाशा काढायला मलाच उठवायचे. लग्नानंतर दारातल्या रांगोळीपलीकडे काही काढलं नव्हतं. आमच्या वॉर्डची सिस्टर केरळची होती, मराठी तोडकंमोडकं बोलायची, पण नजर तीक्ष्ण. मी दिवसभर छताकडे बघत पडलेली असते हे तिने हेरलं असावं. एकदा तिने मला स्टोअरमधले जुने एक्स-रे लावून ठेवायला बोलावलं. एक्स-रे ज्यांत यायचे ती मोठाली खाकी पाकिटं फाटली की टाकून द्यायची होती. मी ती मागून घेतली. कशाला, असं तिने विचारलं. चित्र काढायला, मी म्हटलं. तिने पाकिटं दिली, वर फळ्यावरचा पांढरा खडूही दिला. कोळसा मी अंघोळीच्या बंबाजवळून उचलला.

मुलीचा चेहरा काढायला बसले, आणि तो येईना. कान आला. कपाळावरची बारीक लव आली. हसताना डावा डोळा जास्त मिटायचा तो आला. पण सगळं मिळून तोंड होईना. रोज न्हाऊ घातलेल्या लेकीचा चेहरा मला अख्खा आठवत नव्हता. मी काढत होते, पुसत होते, पाकिटं वाया जात होती. कोळसा पुसायला पावाचा मऊ तुकडा बरा पडतो हे तेव्हाच कळलं. न्याहारीचा पाव मी त्यात संपवायचे. शेवटी चेहऱ्याचा नाद सोडला आणि नुसती तिची दोन पावलं काढली. ती बरोबर आली.

"कुणाची गं पावलं?" मागून कुणीतरी विचारलं.

मढची एक कोळीण आमच्या वॉर्डात होती. साठीच्या आसपासची असावी. सगळ्या तिला मावशी म्हणायच्या. माझ्या लेकीची, असं मी सांगितल्यावर ती खाटेच्या कडेला टेकली आणि बराच वेळ त्या पावलांकडे बघत राहिली. मग म्हणाली, मलाही काढ. पण आजारी पडायच्या आधीची काढ.

तिची आधीची मूर्ती मी बघितलीच नव्हती. माझ्यासमोर होती ती हाडांची मोळी. मग ती सांगत गेली आणि मी काढत गेले. गाल भरलेले हवेत. कानात सोनं, केसांत वेणी, कोपरापर्यंत बांगड्या. कमरेवर हात ठेवून उभी असायची म्हणाली, मालाडच्या बाजारात तिच्या टोपलीपुढून कुणी न थांबता गेलं तर ती त्याला हाक मारून परत बोलवायची. सांगता सांगता नवऱ्याचं सांगितलं. समुद्रावर गेला आणि होडी रिकामी आली. त्यानंतर वर्षभर ती बाजारात बसली नाही, आणि मग एक दिवस टोपली उचलून गेली आणि पहिल्यापेक्षा जास्त मोठ्याने ओरडायला लागली. हे तिने वॉर्डात आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. चित्र पुरं झालं तेव्हा तिने ते दोन्ही हातांनी धरलं आणि खाटांमधून फिरून सगळ्यांना दाखवून आली. चालताना कमरेवर हात होता.

मग एकेक जण यायला लागली. एकीला लांब शेपटा हवा होता, तिचे केस आजारात विरळ झाले होते. एक नव्या लग्नाची होती, तिला हिरवा चुडा हवा होता. खाकी कागदावर हिरवं कुठून आणायचं, म्हणून आम्ही दोघींनी आवारातल्या शेवग्याची पानं चोळून बांगड्या रंगवल्या. काढायचं म्हणजे विचारावं लागायचं, विचारलं की बाई बोलायची. घरात कुठे बसायचीस, साडी कशी नेसायचीस, हसायचीस का. दुपारी व्हरांड्यात मी पाकीट मांडीवर घेऊन बसले की आजूबाजूला तिघीचौघी उभ्या राहायला लागल्या. पुढे पुढे त्या बाकावर शेजारी शेजारी बसू लागल्या. ते कधी सुरू झालं ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

रात्री ते चेहरे आठवले की मला मात्र झोप येत नसे. माझ्या आजूबाजूला ज्या बायका होत्या त्यांच्यातली एकही त्या कागदांवर नव्हती. कागदांवर होत्या त्या गुबगुबीत, दागिने घातलेल्या बायका आपापल्या घरी होत्या, आणि मी त्यांना ओळखत नव्हते.

शेजारच्या खाटेवरची बाई चित्र काढून घ्यायला आली नव्हती. ती चाळिशीची असेल. उंच, मूळची परभणीकडची. अंधेरीच्या एमआयडीसीत कपडे शिवायच्या कारखान्यात मशिनवर होती. तिच्या छोट्या कपाटाच्या दाराला आतून कॅलेंडरवरचं बुद्धाचं चित्र चिकटवलेलं होतं. सकाळी ते दार उघडायची, क्षणभर हात जोडायची आणि बंद करायची. जोगेश्वरीला तिचा भाऊ होता, तो सुरुवातीला एकदा येऊन गेला, मग आला नाही. तिची ही दुसरी खेप आहे हे मला मावशीने सांगितलं. पहिल्या वेळी बरं वाटायला लागल्यावर तिने गोळ्या सोडल्या आणि कामावर गेली. कारखान्यात जागा धरून ठेवत नाहीत. आजार पुन्हा उलटला तो जास्त जोराने.

एका दुपारी ती आपल्या खाटेवरूनच म्हणाली, "माझं काढशील?"

मी पाकीट घेतलं आणि सवयीने विचारलं, आधी कशी होतीस सांग.

"आधीची तू बघितलीस का मला?"

मी नाही म्हणाले.

"मग जी बघितलीस ती काढ."

मला वाटलं हे सोपं असेल, समोर बघायचं आणि काढायचं. तसं ते नव्हतं. माझा हात ऐकेना. गालाचा खड्डा आला की बोट आपोआप कोळसा पसरून तो भरून काढायचं. डोळ्यांखालचं काळं मी हलकं करायचे. ती उठून बघायची आणि बोट ठेवायची. "गाल भरलेस. पूस." दुसऱ्या दिवशी पुन्हा. "मान एवढी जाड आहे का? पूस." मी पावाने पुसायचे, खाकी कागदावर काळपट डाग राहायचा, त्याच्यावरच पुन्हा काढायचे. तिचा राग यायचा. एकदा मी म्हणालेही, एवढं खरं बघून तुला काय मिळणार आहे. ती म्हणाली, "मी मशिनवर वीस बायकांत बसायचे. माझ्याकडे कुणी नीट बघितलं असेल तर एक्स-रेवाल्याने. तू तरी बघ."

मग मी बघितलं. गळ्याची हाडं बाहेर आलेली, त्यांच्यामध्ये खोल खळगा आणि तिथे कातडीखाली थरथरणारी शीर. ओठ सुकून पांढरे झालेले. कानाची भोकं मोकळी. आणि या सगळ्यात डोळे असे की ते आजारी नव्हतेच. पांढऱ्या खडूचा एक ठिपका ठेवला आणि ते माझ्याकडे बघायला लागले. बघता बघता माझ्या लक्षात आलं की मीही अशीच दिसत असणार. इतके महिने ते मनात येऊ दिलं नव्हतं. मी तिचं चित्र काढत होते आणि रडत होते. ती हलली नाही, मला थांबवलं नाही.

तिने ते चित्र बराच वेळ हातात धरलं.

"हां," ती म्हणाली. "हीच."

आणि ते तिने आपल्या खाटेच्या वर भिंतीला चिकटवलं.

वॉर्डात ते कुणालाच आवडलं नाही. नव्या लग्नाची पोरगी ते बघून तोंडावर पांघरूण घेऊन पडली. एकजण म्हणाली, हे काय, जिवंतपणी फोटो टांगल्यासारखं. सिस्टरलाही वाटलं की काढून ठेवावं, बाकीच्या पेशंटना त्रास होतो. शेजारच्या खाटेवरची ती शिलाईवाली तिला एवढंच म्हणाली, की डॉक्टर राऊंडला येतात तेव्हा माझा एक्स-रे सगळ्यांदेखत उजेडासमोर धरतात, त्याने कुणाला त्रास होत नाही, मग याने का व्हावा. सिस्टर चित्राकडे बघून निघून गेली. चित्र राहिलं. पण बाकावर पुन्हा एकेकीच बसायला लागल्या, आणि माझ्याकडे चित्र काढून घ्यायला कुणी येईना. मला वाटलं जे थोडंफार जमलं होतं ते आपणच घालवलं.

पहिल्यांदा मावशीच आली. तिने आपलं वेणीवालं चित्र आणलं होतं. हे घरच्यांना ठेवते म्हणाली, सुनेला बघायला. आता दुसरं काढ, शिलाईवालीचं आहे तसं. मी काढलं. मावशीच्या नव्या चित्रात दात नव्हते, बांगड्या नव्हत्या, पण कमरेवरचा हात तिने हट्टाने ठेवून घेतला. तो हात खराच होता. ती खाटेवर पडूनसुद्धा तशीच असायची. तिनेही ते भिंतीला लावलं. मग शेपटावाली आली, आणि सगळ्यांत शेवटी, चुड्यावाली. तिचं काढताना मी तिला म्हटलं, नको वाटलं तर सांग, थांबते. ती नाही म्हणाली. डोळे मिटून बसली, अर्ध्यावर उघडले आणि पुढे उघडेच ठेवले.

पुढे त्या एकमेकींचीही काढायला लागल्या. चित्रं कसली, नाक भलतीकडे, डोळे कपाळात. पण काढायचं म्हटलं की समोरासमोर बसावं लागायचं आणि तोंडावरचा पदर खाली घ्यावा लागायचा. आमच्यातल्या बहुतेकींची थुंकी तोवर स्वच्छ यायला लागली होती, तरी पदर सुटले नव्हते. ते तेव्हा सुटले. कोळशाने सगळ्यांची बोटं काळी असायची, सिस्टर चादरींवरून ओरडायची आणि स्टोअरमधून पाकिटं आणून द्यायची.

माझं चित्र कुणी काढलं नव्हतं. मीच काढणारी, म्हणून ते कुणाच्या डोक्यात आलं नसेल. एका दुपारी शिलाईवाली माझ्यासमोर स्टूल घेऊन बसली. तिच्या पिशवीत कापडावर खुणा करायचा शिंप्यांचा चपटा खडू होता आणि माप घ्यायची टेप होती. "मला चित्र येत नाही," ती म्हणाली. "मला माप येतं."

आणि तिने टेप माझ्या कपाळावर धरली. कपाळाची रुंदी घेतली, पाकिटावर खूण केली. भुवईपासून नाकाच्या टोकापर्यंत. एका गालाच्या हाडापासून दुसऱ्यापर्यंत. टेप नीट बसावी म्हणून ती बोटाने कातडीवर दाबायची, हनुवटी दोन बोटांत धरून चेहरा उजेडाकडे वळवायची. तिची बोटं खरखरीत होती, सुया टोचून टोचून झालेली. कानामागून हनुवटीपर्यंत तिने टेप फिरवली तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. ते तिच्या बोटांवरून ओघळलं, तिने पदराने आधी टेप पुसली, मग माझा गाल पुसला आणि पुढचं माप घेतलं. किती महिन्यांनी माझ्या तोंडाला कुणी हात लावला होता.

तिचं ते चित्र म्हणजे कापायला काढलेल्या ब्लाऊजसारखं होतं, सगळ्या सरळ रेघा आणि खुणा. पण अंतरं बरोबर होती. लांबून बघितलं तर मी होते.

तिची थुंकी स्वच्छ होत नव्हती. औषधं बदलून बघितली. शेवटी डॉक्टरांनी तिला शहरातल्या मोठ्या इस्पितळात पाठवायचं ठरवलं. सकाळी गाडी आली. तिने कपाट आवरलं, दारावरचं कॅलेंडरचं चित्र अलगद सोडवून घेतलं. भिंतीवरचं तिचं चित्र मी काढायला गेले तर नको म्हणाली. "राहू दे इथे. नवीन येतील त्यांना कळू दे, असंच दिसतं. एवढं घाबरण्यासारखं नसतं."

आम्ही सगळ्या व्हरांड्यात उभ्या होतो. ती गाडीत बसली आणि पुढे बघत राहिली. नंतर मी सिस्टरला तिची खबर विचारत राहिले. आधी तिलाही माहीत नव्हतं, मग सिस्टरचीच बदली झाली. घरी आल्यावर मी जोगेश्वरीला गुंफांच्या बाजूच्या वस्तीत तिच्या भावाचा पत्ता काढायचा प्रयत्न केला. अर्धवट माहितीवर तिथे माणूस सापडत नाही. ती वाचली की गेली हे मला आजही माहीत नाही.

मी बरी झाले. थुंकी, एक्स-रे सगळं चांगलं आलं. हे न्यायला आले, त्या दिवशी तोंडावर रुमाल नव्हता. वाटेत स्टेशनबाहेर त्यांनी मला उसाचा रस पाजला आणि गिरणीचं आता काही खरं नाही, वॉचमनचंच काम पुढे चालवायचं, असं सांगितलं.

आठवड्याभरात आम्ही गावी गेलो. मुलगी अंगणात होती. उंच झाली होती, उन्हात काळवंडली होती. मी जवळ गेले तशी ती सासूबाईंच्या पायांमागे गेली आणि तिथून विचारलं, "आजये, ही कोण गे?"

"तुझी आवस मगे," सासूबाई म्हणाल्या, आणि तिला पुढे ढकलली. ती आली नाही. मी ओढलं नाही. चार दिवस राहिलो. ती मला लांबून बघायची. जेवण वाढलं तर घ्यायची, हात धरला तर सोडवून घ्यायची. निघायच्या आदल्या दिवशी आम्ही तिघं मोठी माणसं बोलायला बसलो. ह्यांच्या ड्युट्या तशा, मला अजून काही महिने गोळ्या, तिला तिथे शाळेत घालायचं ठरलेलं. ती तिथेच राहावी हे सगळ्यांना पटत होतं. मलाही पटलं, आणि तेच मला सगळ्यांत जास्त लागलं. परतीच्या एसटीने मी आणि हे, दोघंच घाटकोपरला आलो.

चाळीत मला कुणी वाईट वागवलं नाही. बाया चौकशी करायच्या, बरी दिसतेस म्हणायच्या. पण माझ्या घरी चहा कुणी पीत नव्हतं. उपास आहे म्हणायच्या, आत्ताच झाला म्हणायच्या. मीही विचारणं बंद केलं. हे ड्युटीवर गेले की दिवसभर मी आणि खोली. दुपारी मी कोळसा घेऊन बसायचे. चूल, मोरी, खुंटीवरचा ह्यांचा गणवेश, जे समोर असेल ते काढायचे. माणूस समोर बसायला नव्हतं.

मग पलीकडच्या खोलीतल्या बाईची आई वारली. साताऱ्याकडची ती. निरोप उशिरा आला, पोचेपर्यंत सगळं झालं होतं. परत आल्यावर एका दुपारी ती माझ्या दारात येऊन उभी राहिली. मी काहीबाही काढते हे तिने खिडकीतून बघितलं होतं. म्हणाली, आईचा एकही फोटो नाही. नुसतं सांगितलं तर काढता येईल का?

मी खरं ते सांगितलं, की मला तिची आई दिसणार नाही, तुलाच दिसेल, मी फक्त हात चालवीन. ती आत आली आणि माझ्या शेजारी सतरंजीवर बसली. नाक बसकं, ती म्हणाली. मी काढलं. नाही, एवढं नाही. पुसलं. कपाळावर मोठं गोंदण. ओठ असे आत गेलेले, दात पडल्यापासून. मध्येच तिला हनुवटी आठवेना, आणि ती घाबरली. जन्मभर बघितलेली हनुवटी, आणि आठवेना कशी? मी तिला सांगितलं की असं होतं. थांब, येईल. दुसरं काही सांग, हातांचं सांग. ती हातांचं सांगू लागली. भाकरी थापताना आईच्या दोन्ही तळव्यांचा आवाज कसा यायचा, ते सांगितलं. मी हात काढले. त्यात संध्याकाळ झाली.

चित्र तिच्या आईसारखं झालं नव्हतं. ती तसं म्हणालीही. थोडं डोळ्यांत आहे, म्हणाली, आणि हातांत आहे. मी स्टोव्ह पेटवला, विचारलं नाही, दोन कप चहा केला. तिने कप घेतला. बशीत ओतला, फुंकला आणि प्यायली. कप विसळून पालथा घातला आणि कागद गुंडाळून घेऊन गेली.

तिच्यामागून दोघीतिघी आल्या, हळूहळू. पुढची काही वर्षं रविवारी दुपारी माझ्या खोलीत सतरंजीवर चार-पाच बायका बसलेल्या असायच्या. कुणी काढायच्या, कुणी नुसत्या बसायच्या, कुणी भाजी निवडत बसायच्या. संपात गिरणी सुटलेल्यांच्या बायका होत्या, एकीला नवरा सोडून गेला होता, एक होती जी कधीच काही बोलली नाही आणि दर रविवारी तोच एक डोंगर काढायची. मुलुंडला मी पुन्हा गेले ते आरोग्यधाम बंद व्हायच्या सुमारास. वॉर्डाला नवा चुना दिला होता. भिंतीवर काही नव्हतं.

मुलगी चौथी पास झाल्यावर मुंबईला आली. तोवर सासूबाई थकल्या होत्या. तिला इथली शाळा, इथली पोरं, इथलं पाणी, कशाचीच सवय नव्हती, आणि माझीही नव्हती. ती माझ्याशी नीट वागली, नेहमीच. काही हवं असलं तर "आई, मिळेल का?" असं विचारायची. बाकीच्या पोरी आयांशी भांडायच्या, दप्तरं फेकायच्या, तशी ती कधी भांडली नाही. मी वाट बघत राहिले की एखाद्या दिवशी भांडेल. आता ती स्वतः दोन मुलांची आई आहे, बोरिवलीला राहते, महिन्यातून एकदा येते. येताना फळं आणते. जाताना मी दारापर्यंत जाते आणि ती जिना उतरेपर्यंत उभी राहते. मग आत येऊन खिडकीशी बसते. उजेड असला तर काढते काहीतरी.